घरचे पहिले शिवणयंत्र : निवड, पारख आणि निगा

खेडोपाडी अनेक घरांत एक दृश्य हमखास दिसते. माजघराच्या कोपऱ्यात शिवणयंत्र उभे असते. त्यावर भरतकाम केलेला रुमाल अंथरलेला असतो आणि रुमालावर दूरदर्शन संच, औषधाची बाटली किंवा मुलांची पुस्तके ठेवलेली असतात. यंत्र घरी आले तेव्हा सर्वांना आनंद झालेला असतो. चार-सहा महिने ते चालतेही. मग कधी दोरा तुटू लागतो, कधी टीप सुटू लागते, कधी पट्टा ढिला पडतो. दुरुस्ती करणारा तालुक्याच्या गावी; तेथवर यंत्र नेणार कोण आणि केव्हा? असे दिवस जातात आणि यंत्राचे टेबल होऊन जाते.

त्याच गावात दुसऱ्या एखाद्या घरी तसलेच, किंबहुना त्याहून जुने यंत्र रोज दुपारी दोन-तीन तास चालू असते. आळीतील परकर, ब्लाऊज, अभ्रे, शाळेच्या मुलांचे उसवलेले गणवेश तेथे येतात. त्या घरातील गृहिणीच्या हाती आठवड्याच्या बाजाराला चार पैसे असतात आणि ते तिने स्वतः मिळविलेले असतात.

या दोन घरांतील अंतर नेहमीच कष्टाचे किंवा हुशारीचे असते असे नाही. पुष्कळदा ते यंत्र निवडतानाच पडलेले असते. म्हणूनच 'स्वस्त यंत्र कोणते?' या प्रश्नाचे उत्तर केवळ दुकानातील किमतीवरून देता येत नाही. बंद पडून राहिलेले यंत्र, ते कितीही कमी किमतीला मिळालेले असो, सर्वांत महाग ठरते.

निवडीची जबाबदारी कोणाची?

वैयक्तिक लाभाच्या योजनांत पूर्वी यंत्राची खरेदी कार्यालयामार्फत होई आणि लाभार्थी महिलेच्या हाती तयार यंत्र पडे. डिसेंबर २०१६ मधील शासन निर्णयानंतर राज्यात अशा अनेक योजनांत वस्तूऐवजी तिची रक्कम लाभार्थीच्या बँक खात्यात थेट जमा करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. या बदलामुळे निवडीचे स्वातंत्र्य लाभार्थीकडे आले. त्याबरोबर चुकीच्या निवडीचा भारही तिच्याच माथी आला.

आयुष्यात पहिल्यांदाच यंत्र घेणारी स्त्री अशा वेळी सल्ला विचारते तो गावातील शिक्षिकेला, ग्रामसेवकाला, अंगणवाडी सेविकेला किंवा पंचायतीच्या सदस्याला. त्यांनी स्वतः शिवणकाम केलेले असेलच असे नाही. तथापि निवडीमागील मोजकी तत्त्वे त्यांना ठाऊक असली, तर त्या स्त्रीचे पैसे आणि उमेद या दोन्ही गोष्टी वाचू शकतात.

यंत्राची थोडी ओळख

हाताने घातलेल्या टाक्यात एकच दोरा कापडातून वर-खाली जातो. यंत्राच्या टाक्यात दोन दोरे असतात. वरचा दोरा रिळावरून सुईत येतो, खालचा बॉबिनवर गुंडाळलेला असतो. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर येऊ लागली की तिच्या दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो. खालच्या शटलचे टोक तो फास पकडते, बॉबिनभोवती फिरविते आणि दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. वरची दोरा ओढणारी पट्टी टाका घट्ट करते आणि सुईखालचे दाते कापड पुढे सरकवतात. सुई, शटल व दाते या तिघांचा मेळ बसला की टीप चांगली पडते. हा मेळ बिघडणे हेच बहुतेक तक्रारींचे मूळ असते.

अशा दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत एलियास होवे याने १८४६ मध्ये घेतले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने सुधारित यंत्राचे पेटंट मिळविले आणि पुढे त्याच्या कंपनीने हप्त्याने विक्री सुरू करून हे यंत्र सामान्य घरांपर्यंत पोहोचविले. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मधील एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीचे कष्ट हलके करावे या प्रेमातून सिंगरने ते घडविले, असे त्यांनी त्या वेळी सांगितले होते. माणसाला बाजूला सारणारे यंत्र आणि माणसाच्या हाताला बळ देणारे यंत्र यांतील हा भेद आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

भारतात १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने 'उषा' या नावाने देशी यंत्रे तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे पंजाबातील लुधियाना हे शहर शिवणयंत्रे व त्यांचे सुटे भाग यांचे मोठे केंद्र बनले. साध्या सरळ टाक्याच्या काळ्या यंत्राचा आराखडा बहुतेक देशी उत्पादकांनी थोड्याफार फरकाने सारखाच ठेवला. त्यामुळे त्याची सुई, बॉबिन, बॉबिन केस, पट्टा हे भाग तालुक्याच्या बाजारात सहज मिळतात आणि पुष्कळदा एका कंपनीचे दुसरीच्या यंत्राला चालतात. नवशिक्या व्यक्तीच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

आधी काम ठरवावे

यंत्र पाहावयास जाण्यापूर्वी ते कशासाठी हवे, याचा निर्णय घरीच व्हावयास हवा. सामान्यतः तीन प्रकारची गरज संभवते.

पहिली गरज घरापुरती. उसवलेले शिवणे, उशांचे अभ्रे, पिशव्या, परकर, मुलांचे साधे कपडे एवढेच करावयाचे असते. दुसरी गरज आळीपुरती. शेजारपाजारच्या स्त्रियांचे ब्लाऊज, पंजाबी पोशाख, साडीला फॉल-पिको असे काम घेऊन थोडी मिळकत करावयाची असते. तिसरी गरज घाऊक कामाची. एखाद्या बचतगटाला एकाच मापाच्या शेकडो वस्तू ठरलेल्या मुदतीत शिवून द्यावयाच्या असतात.

पहिल्या दोन गरजा घरगुती यंत्रावर भागतात. तिसरी भागत नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्यातील शाळांच्या गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांकडे देण्यात आली होती. पुढे गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्यात आली. अशी कामे पुन्हा कोणत्याही मार्गाने गावात येऊ शकतात. परंतु एकसारखी शिलाई, कडा बांधणारे ओव्हरलॉक, काज-बटण आणि मुदतीचे बंधन यांसाठी जलद गतीची औद्योगिक यंत्रे व कामाची वाटणी लागते. घाऊक कामाच्या आशेवर प्रत्येक सदस्य महिलेने घरगुती यंत्र घेतल्याने ती सोय होत नाही. अशा वेळी गटाने मिळून एक-दोन औद्योगिक यंत्रे घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कोणते यंत्र?

बाजारात दिसणारी घरगुती यंत्रे मुख्यतः चार प्रकारांत मोडतात.

हातमशीन सर्वांत साधे. उजव्या हाताने मूठ फिरवावयाची आणि डाव्या हाताने कापड सांभाळावयाचे. जागा थोडी लागते, वीज लागत नाही. मात्र एकच हात कापडावर राहत असल्याने वेग कमी असतो. कधीमधी घरचे शिवणे एवढीच गरज असेल, तर ते पुरेसे आहे.

पायमशीनला खाली बिडाचा किंवा लोखंडी सांगाडा व पायटा असतो. दोन्ही हात कापडावर राहतात. वीज गेली तरी काम थांबत नाही. पायाचा आणि हाताचा मेळ बसण्यास काही दिवस लागतात, परंतु एकदा तो बसला की वेग पूर्णपणे शिवणाऱ्याच्या ताब्यात असतो. नवशिक्या हातांना हा ताबा फार मोलाचा आहे.

मोटरवरचे यंत्र म्हणजे बहुधा याच काळ्या यंत्राला बाजूने बसविलेली लहान मोटर. घरगुती मोटर साधारणतः शंभर वॅटच्या आसपास असते. शंभर वॅटची मोटर सलग दहा तास चालली तर एक युनिट वीज खर्च होते. म्हणजे वीजबिलाची भीती बाळगण्याचे कारण नाही. अडचण येते ती भारनियमनाची व कमी दाबाच्या विजेची. म्हणून पायट्याचा सांगाडा कायम ठेवून मोटर जोडणे ही ग्रामीण भागासाठी उत्तम व्यवस्था होय. विशेष म्हणजे मोटर नंतरही बसविता येते. खरेदीच्या वेळी यंत्राच्या अंगावर मोटर बसविण्याची सोय आहे ना, एवढे पाहून ठेवावे.

चौथा प्रकार विजेवर चालणाऱ्या हलक्या झिगझॅग यंत्रांचा. ही यंत्रे देखणी असतात व त्यांत सरळ टाक्याखेरीज नागमोडी टाका, काज आणि काही नक्षीचे टाके मिळतात. साडीचा पिको नागमोडी टाक्यावरच होतो. सरळ टाक्याच्या यंत्रावर तो होत नाही. म्हणून पिकोचे काम घ्यावयाचे निश्चित असेल व घरी वीज भरवशाची असेल, तर या यंत्राचा विचार योग्य ठरतो. परंतु एरवी नक्षीच्या टाक्यांची संख्या पाहून भुलण्याचे कारण नाही. घरगुती शिलाईतील फार मोठा भाग सरळ टाक्यानेच पार पडतो. या हलक्या यंत्रांपैकी काहींच्या आत नायलॉनची चक्रे असतात. जाड कापडाचे चार-सहा पदर रोज शिवल्यास ती लवकर झिजतात आणि त्यांची दुरुस्ती गावच्या कारागिराकडे होत नाही.

याशिवाय तळहाताएवढी, बॅटरीवर चालणारी छोटी यंत्रे अगदी कमी किमतीला विकली जातात. ती खेळण्यापेक्षा फार पुढची नसतात. शिकण्यासाठी अथवा मिळकतीसाठी त्यांचा उपयोग नाही.

शिकाऊ व्यक्तीने, विशेषतः जिला पुढे थोडी मिळकत करावयाची आहे तिने, साध्या सरळ टाक्याचे व बिडाच्या अंगाचे पायमशीन घ्यावे आणि काम वाढल्यावर त्याला मोटर जोडावी, हा मार्ग सर्वांत सुरक्षित होय. दुकानात 'घरगुती' आणि 'टेलर' अशी दोन नावे ऐकू येतील. टेलर नमुना अधिक दणकट असतो. रोज दोन तासांहून अधिक काम अपेक्षित असेल तर थोडी अधिक किंमत देऊन तोच घेणे हिताचे ठरते.

किंमत कशी मोजावी?

यंत्राची किंमत म्हणजे पावतीवरील एकच आकडा नव्हे. यंत्राचे डोके, सांगाडा, फळी आणि झाकण यांची किंमत कित्येक दुकानांत वेगवेगळी सांगतात. त्याखेरीज चांगली कात्री, मापाची टेप, सुया, जादा बॉबिन, तेलाची बाटली, खडू आणि इस्त्री यांचाही खर्च असतो. हाती असलेली सगळी रक्कम यंत्रावरच संपविली, तर कापड कापण्यास घरची बोथट कात्री वापरावी लागते आणि शिलाई बिघडते. एकूण रकमेचा पाचवा हिस्सा या साहित्यासाठी राखून ठेवावा.

एक साधे गणित करून पाहता येईल. साहित्यासह ८,००० रुपये खर्च झाला आणि एका परकरामागे दोऱ्याचा खर्च वजा जाता ४० रुपये सुटतात असे धरले, तर २०० परकर शिवल्यावर यंत्राची किंमत वसूल होते. १४,००० रुपयांच्या यंत्राला तेच काम ३५० परकरांचे होते. दोन्ही आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. ज्या त्या गावातील दर घालून प्रत्येकीने हे गणित मांडावे. आळीतून वर्षाला किती काम मिळेल याचा अंदाज घेतल्यावर कोणते यंत्र परवडते ते आपोआप उमगते. कर्ज काढून यंत्र घ्यावयाचे असेल, तर हे गणित कर्जाच्या अर्जापूर्वीच झाले पाहिजे.

किमतीचा आणखी एक भाग पावतीवर कधीच दिसत नाही. तो म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याचे अंतर. यंत्र ठरविण्यापूर्वी गावात किंवा आठवडी बाजाराच्या ठिकाणी कारागीर आहे का, तो कोणती यंत्रे दुरुस्त करतो व कोणते भाग त्याच्याकडे असतात, याची चौकशी करावी. कारागीर ज्या यंत्राला हात लावू शकत नाही ते यंत्र, ते कितीही चांगले असले तरी, त्या गावापुरते चांगले नव्हे.

दुकानातील पारख

यंत्र घेताना हातात कापड असावे. सुती कापडाचे दोन तुकडे, जुन्या साडीचा एक तुकडा आणि जाड कापडाचा एक तुकडा घरूनच न्यावा. दुकानदार स्वतःच्या कडक कापडावर टीप मारून दाखवितो तेव्हा जवळजवळ प्रत्येक यंत्र चांगले शिवते. खरी परीक्षा होते ती सुळसुळीत साडीवर आणि चौपदरी जाड कापडावर.

प्रथम दोरा न ओवता चाक हाताने हळूहळू फिरवून पाहावे. ते एकसारखे फिरावे. मध्येच अडकता कामा नये आणि खडखड आवाज येऊ नये. नंतर दोरा न ओवताच रेघांच्या कागदावर एक रेघ शिवावी. छिद्रांची ओळ सरळ व सारख्या अंतराची आली पाहिजे. मग वर लाल आणि खाली पांढरा असे दोन रंगांचे दोरे घालून सुती कापडावर टीप मारावी. लाल दोऱ्याचे ठिपके खालच्या बाजूस दिसले तर वरचा ताण ढिला आहे. पांढऱ्याचे ठिपके वर दिसले तर वरचा ताण अधिक आहे. ताणाचा स्क्रू फिरवून दोन्ही ठिपके नाहीसे करता आले पाहिजेत. तसे होत नसल्यास ते यंत्र बाजूला ठेवावे.

टाक्याची लांबी कमी-अधिक करून पाहावी. टीप उलट दिशेने पक्की करता येते का, बॉबिन एकसारखी भरते का, पट्टा घसरतो का, हेही तपासावे. सांगाडा सपाट फरशीवर डगमगता कामा नये. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आहे का ते पाहावे. पावती यंत्राच्या क्रमांकासह आणि ज्या स्त्रीसाठी यंत्र घेतले तिच्या नावाने घ्यावी. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख मागून घ्यावी. मराठी माहितीपुस्तिका असल्यास तीही मागावी.

जुने यंत्र घ्यावे काय?

जुने बिडाचे यंत्र हा दुर्लक्ष करण्याजोगा पर्याय नाही. चांगली निगा राखलेले असे यंत्र दोन पिढ्या सहज चालते आणि नव्याच्या मानाने बरेच कमी किमतीला मिळते. मात्र ते घेताना कारागिराला बरोबर न्यावे. शटल बसते ती जागा गंजलेली नसावी. सुईचा दांडा बोटाने हलविल्यास डुलता कामा नये. सुईखालच्या पट्टीच्या छिद्राला खरचटे असतील तर दोरा सतत तुटतो. दाते झिजलेले असतील तर कापड सरकत नाही. पट्टी व दाते बदलता येतात आणि तो खर्च थोडा असतो. परंतु आतील दांडे झिजले असतील, तर स्वस्त यंत्रही महाग पडते. बाहेरच्या नव्या रंगावर कधीही विसंबू नये.

पहिले तीन महिने

यंत्र टिकते की कोपऱ्यात जाते, हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत ठरते. पायमशीन शिकताना आरंभी कापड घेऊच नये. चाकाच्या मधला स्क्रू सैल केला की सुई थांबते व फक्त चाक फिरते. अशा स्थितीत चार-पाच दिवस केवळ पायट्याचा सराव करावा. चाक नेहमी आपल्याकडे फिरले पाहिजे. ते उलट फिरले की दोरा गुंततो व तुटतो. नवशिक्या व्यक्तीला यंत्र बिघडले असे वाटते, तेव्हा पुष्कळदा एवढेच झालेले असते. त्यानंतर कागदावर रेघा, मग पिशव्या व अभ्रे, मग परकर आणि शेवटी ब्लाऊज, असा क्रम ठेवावा. पहिल्याच आठवड्यात नवे कापड कापून ब्लाऊज शिवावयास घेतल्यास निराशा पदरी येते.

सुई कापडाप्रमाणे बदलावी लागते, ही गोष्ट अनेकींना सांगितलेलीच नसते. तलम कापडाला ११ क्रमांकाची, नेहमीच्या सुती कापडाला १४ ची आणि जाड कापडाला १६ किंवा १८ ची सुई योग्य असते. बोथट किंवा वाकडी सुई हे टीप सुटण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत नेहमीचे कारण आहे. टीप बिघडली की स्क्रू पिळण्याआधी वरचा दोरा काढून पुन्हा ओवावा, सुई बदलावी, बॉबिन नीट बसली आहे का पाहावे आणि दात्यांखाली साठलेली कापडाची लव लहान कुंचल्याने काढावी. इतक्यावर निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात.

तेलाच्या बाबतीत एक चूक सर्वत्र आढळते. घरात आहे म्हणून खोबरेल किंवा गोडेतेल घातले जाते. ते काही दिवसांत चिकट होऊन यंत्र जड करते. शिवणयंत्राचे पातळ तेलच वापरावे. रोज काम असल्यास आठवड्यातून एकदा प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब पुरेत. तेल घातल्यावर चिंधीवर थोडी टीप मारावी, म्हणजे जादा तेल निघून जाते आणि गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडत नाही. कोकणासारख्या दमट हवेत यंत्र भिंतीपासून दूर ठेवावे व काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसावे. चामडी पट्टा ढिला झाला तर तो थोडा कापून पुन्हा जोडता येतो. त्यासाठी नवा पट्टा घेण्याची गरज नाही. जमीन सारवलेली असेल तर सांगाड्याच्या चारही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवून यंत्र समतल करावे. खिडकीचा उजेड सुईवर पडेल अशी जागा निवडावी.

योजना आणि पंचायतीचे कर्तव्य

ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाचा १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी खर्च करावा अशी व्यवस्था आहे. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्यांच्या योजनांतही शिवणयंत्राला जुने स्थान आहे. या रकमेतून केवळ यंत्र देऊन थांबण्याऐवजी गावात महिनाभराचा शिवणवर्ग आणि दर तीन महिन्यांनी कारागिराची एक दुरुस्ती-फेरी आयोजित करण्याचा विचार पंचायतींनी अवश्य करावा. ज्यांना अधिक पद्धतशीर शिक्षण हवे आहे, त्यांच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

केंद्र शासनाची प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातील १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. पात्र कारागिराला मूलभूत प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत तारणमुक्त कर्ज अशी तिची रचना आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत स्तरावर होते. ही योजना स्वतःच्या हाताने व अवजारांनी हा व्यवसाय आधीपासून करीत असलेल्या कारागिरांसाठी आहे. कधी सुई हाती न धरलेल्या व्यक्तीची शिंपी म्हणून शिफारस करणे म्हणजे खऱ्या कारागिराचा वाटा काढून घेणे होय. पंचायत सदस्यांनी या टप्प्यावर डोळसपणा दाखविला पाहिजे.

'प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन योजना' या नावाने अर्ज व संदेश गावोगाव फिरतात आणि नोंदणीच्या निमित्ताने महिलांकडून पैसे व बँकेची माहिती घेतली जाते. अशा नावाची योजना नसल्याचे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने तथ्यपडताळणीत स्पष्ट केले आहे. शिक्षकांनी पालकसभेत आणि सदस्यांनी ग्रामसभेत ही गोष्ट सांगितली, तर अनेक कुटुंबांची फसवणूक टळेल. कोणत्याही योजनेची खात्री पंचायत समितीच्या कार्यालयात करून घेता येते.

समारोप

शिवणयंत्र ही मोठी वस्तू नव्हे. परंतु अनेक घरांत स्त्रीच्या स्वतःच्या नावाने आलेली ती पहिलीच वस्तू असते. ती चालू राहिली तर घरात उत्पन्नाबरोबर तिच्या शब्दाचे वजनही वाढते. ती बंद पडली तर 'तुला दिले होते, तुझ्याने झाले नाही' हे वाक्य तिला पुढे कित्येक वर्षे ऐकावे लागते, आणि दुसऱ्या उद्योगासाठी हात पुढे करण्याचा धीर ती गमावून बसते.

यास्तव लाभार्थींच्या यादीत यंत्र मिळाल्याची नोंद झाली म्हणजे काम संपले, असे मानता येणार नाही. आपल्या कामाचे, आपल्या घरच्या विजेचे आणि आपल्या गावच्या कारागिराचे यंत्र तिने निवडले का, ते चालविण्यास ती शिकली का, आणि एक वर्षानंतर ते चालू आहे का, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. वर्षातून एकदा त्या घरी जाऊन यंत्रावरचा रुमाल उचलून पाहिला तरी पुरेसे आहे.